वारा-पावसातली ग्लायडर कॉन्टेस्ट : या चुका टाळा

इंग्लंडात राहून आरसी ग्लायडर, म्हणजे रिमोटने उडवायचं तरंगतं मॉडेल विमान, उडवायचं आणि हवा चांगली असेल तेव्हाच कॉन्टेस्टला जायचं म्हटलं तर अख्ख्या सीझनमध्ये हातावर मोजण्याइतकेच दिवस मिळतात. त्यामुळे वारा, खाली उतरलेले ढग, मधेच भुरभुर पाऊस, हे सगळं धरूनच शिकावं लागतं. मी एफ५जे उडवतो, कधीमधी एफ३के, म्हणजे हाताने गरकन फिरवून फेकायचा दीड मीटर विंगस्पॅनचा ग्लायडर. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्यात, बाकीच्या शेजारच्या पायलटला करताना बघितल्यात.

ज्यांना एफ५जे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार मीटरपर्यंतच्या विंगस्पॅनचा ग्लायडर, नाकात मोटर, ती जास्तीत जास्त ३० सेकंद चालवायची आणि बंद करायची. वर्किंग टाइम, म्हणजे उडायला मिळणारा वेळ, १० मिनिटांचा, हवेत काढलेल्या प्रत्येक सेकंदाला एक पॉइंट. मोटरने जेवढे वर गेलात त्याचे पॉइंट कापतात, २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा आणि त्यावर दर मीटरला ३. लँडिंग खुणेपासून एक मीटरच्या आत झालं तर ५०, पुढे दर मीटरला ५ कमी. आणि ७५ मीटरच्या बाहेर उतरलात तर ती अख्खी फ्लाइट शून्य, मोटर परत चालू केलीत तरी शून्य. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा कारण वाऱ्याच्या दिवशी लोक बाद होतात ते थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, सापडला नाही म्हणून नाही, सापडलेल्या थर्मलमधून घरी परत येता आलं नाही म्हणून.

सगळ्यात महागडी चूक तीच. थर्मल लागला, मॉडेल वर चाललंय, मन खूश, आणि आपण गोल गोल घेत वाऱ्याबरोबर वाहत चाललोय हे कळतच नाही. कागदावर मांडून बघा. वारा ८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी २९ किलोमीटर, इथे हे काही वादळ नाही, साधा वाऱ्याचा दिवस. दीड मिनिट थर्मलमध्ये फिरलात की मॉडेल ७२० मीटर मागे गेलं. आता परत यायचंय समोरच्या वाऱ्यात. मॉडेलचा हवेतला वेग १४ धरला तर जमिनीवरून हातात उरतो फक्त ६, म्हणजे परतीला पूर्ण दोन मिनिटं. या वेगाला मॉडेल सेकंदाला साधारण एक मीटर उतरतं असं धरू, वर थर्मलच्या आजूबाजूची हवा खाली जात असते तिचा अजून एक मीटर धरा, झाले २४० मीटर. आणि तुमची उंची आहे १५० मीटर! मग ते मॉडेल कुठे उतरणार, पलीकडच्या गव्हात.

म्हणून आता मी निघायच्या आधीच ठरवतो की आज कुठपर्यंत मागे जायचं. एखादं झाड, शेताच्या कोपऱ्यातलं फाटक, काहीतरी खूण धरायची आणि मॉडेल तिच्या डोक्यावर आलं की उंची कितीही असो, निर्णय घ्यायचाच. चढ जोरात असेल तर अजून दोन गोल, नाहीतर लगेच वळा. माझा चौदा वर्षांचा मुलगा माझा हेल्पर असतो, त्याचं मुख्य काम हेच. तो थर्मल बघतच नाही, तो ती खूण बघतो आणि "बाबा, वळव आता!" म्हणून ओरडतो. पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं नव्हतं, वर जातंय रे अजून, थांब जरा, म्हटलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघं पाऊण तास पिवळ्या रेपसीडच्या कडेने चालत होतो, रोपं कमरेच्या वर, आत जायचं तर आधी शेतकऱ्याला विचारायला हवं, शेवटी शेपटीचं एक पांढरं टोक फुलांच्या वर दिसलं. मॉडेल धडधाकट होतं, राउंड मात्र शून्य.

याच हिशोबातून बॅलास्टचं, म्हणजे मॉडेलमध्ये मुद्दाम टाकायच्या जादा वजनाचं, महत्त्व कळतं. पुष्कळ जण बॅलास्ट घरून आणतात आणि बॅगेतच ठेवतात, का तर जड मॉडेल लवकर खाली येतं. येतं, खरंय. दीड किलोच्या मॉडेलमध्ये ५०० ग्रॅम टाकलं तर प्रत्येक वेग साधारण १५ टक्क्यांनी वाढतो आणि उतरण्याचा वेगही तेवढाच वाढतो. पण वरचंच गणित परत करा. १४ च्या जागी १६, समोरून ८ चा वारा, जमिनीवरून मिळतात ८, म्हणजे तेच ७२० मीटर दोन मिनिटांऐवजी दीड मिनिटात. २४० मीटरच्या जागी १९५ च्या आसपास उंची गेली. जड मॉडेल घरी *जास्त* उंचीवर पोचतं! हे मला पटायला फार वेळ लागला, कारण शांत हवेत बरोबर याच्या उलट असतं.

बॅलास्ट टाकताना दोन गोष्टी सांभाळा. एक, ते सीजीवरच, म्हणजे मॉडेलच्या गुरुत्वमध्यावरच, बसलं पाहिजे. ५०० ग्रॅमची पितळी सळई सीजीच्या २० मिलिमीटर मागे बसली तर दोन किलोच्या मॉडेलचा सीजी ५ मिलिमीटर मागे जातो, आणि झटक्यांच्या वाऱ्यात एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) इतका चंचल होतो की हातात राहत नाही. घरीच बॅलास्टसकट बॅलन्स करून बघा, मैदानावर नको. दोन, सळई हलता कामा नये. बारीकसा फोमचा तुकडा, टेप, काहीही लावा पण मॉडेल कानाशी धरून जोरात हलवा आणि टकटक येतेय का ते ऐका.

आता वळणातली चूक. वाऱ्यात गोल घेताना मॉडेल वाऱ्याबरोबर पळतं तेव्हा जमिनीवरून बघणाऱ्याला ते फार सुसाट वाटतं, आणि वाऱ्याकडे तोंड केलं की जागच्या जागी उभं राहिल्यासारखं. डोळा फसतो. पायलट पळणाऱ्या मॉडेलला आवरायला एलिव्हेटर ओढतो, तिथे हवेतला वेग आधीच बेताचा असतो, आणि मॉडेल मान टाकतं. गोलच्या त्याच बाजूला, दर वेळी. मॉडेलला जमीन माहीत नसते हो, त्याला फक्त हवा माहीत, नदीच्या धारेत माशाला काठ कुठे पळतोय याचं काय. जमिनीकडे बघून वेग ठरवू नका, मॉडेलचं नाक किती वर-खाली आहे तेवढंच बघा आणि वाऱ्याच्या दिवशी गोल जरा मोठे, जरा वेगात घ्या. थर्मल मोडचा, म्हणजे थर्मलमध्ये उडायच्या सेटिंगचा, कॅम्बरही (पंखाचा बाक) कमी ठेवा. आणि परतीला निघताना मोडचा स्विच स्पीडवर टाकलाय ना ते बघा, कित्येक जण फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) खाली असतानाच वाऱ्याशी झगडत येतात आणि मॉडेल पुढे का सरकत नाही म्हणून हैराण होतात.

लाँच हाइटचा, म्हणजे मोटर किती उंचीवर बंद करायची याचा, मोह. छान हवेत ५०-६० मीटरवर मोटर बंद करणारे पायलट असतात, ते बघून आपल्यालाही वाटतं की आपणही खाली बंद करावी. वाईट हवेत हे करू नका. ८० ऐवजी १५० ला बंद केली तर जादा ७० मीटरचे कापले जाणार ३५ पॉइंट, म्हणजे ३५ सेकंद. त्या ७० मीटरमध्ये तुम्हाला समोरच्या वाऱ्यात पुढे जाऊन हवा शोधायला मिळते, हा सौदा मी डोळे मिटून करेन. फक्त २०० च्या जवळ जाऊ नका. मोटर बंद झाल्यावरही १० सेकंद उंची मोजली जाते, १९० ला बंद केलीत आणि त्यात एक झटका आला की २१० कधी झालं कळत नाही आणि १३० पॉइंट गेले. मोटर बंद करण्याआधी नाक खाली घ्या.

इथे ग्रुपचं, म्हणजे एका वेळी एकत्र उडणाऱ्या पायलटांचं, गणितही डोक्यात पाहिजे. प्रत्येक ग्रुपमधल्या सर्वांत चांगल्या फ्लाइटला १००० आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. म्हणजे सगळेच चार-चार मिनिटांत खाली येत असतील तर साडेचार मिनिटंवाला १००० घेऊन जातो. दहा मिनिटं होणार नाहीत हे दिसल्यावर पायलट हिरमुसतो, लक्ष उडतं, लँडिंग कसंही टाकून देतो, हे मी दर वेळी बघतो आणि मला खरंच वाईट वाटतं. अशा राउंडला लँडिंगचे ५० पॉइंट म्हणजे सोनं असतं.

लँडिंगला शांत दिवसाचा पॅटर्न वापरू नका. जमिनीलगत वारा कमी असतो, वर ८ असेल तर कमरेच्या उंचीला ५ च असतो, त्यामुळे शेवटच्या काही मीटरमध्ये मॉडेलचा हवेतला वेग अचानक तुटतो आणि ते खुणेच्या अलीकडेच बसतं. वळण जवळ घ्या, वेग ठेवा, ब्रेक थोडे आणि उशिरा. पूर्ण फ्लॅप टाकून लांबून तरंगत यायचा प्रयत्न केलात तर वारा तुम्हाला मागेच ढकलणार. मैदानाच्या वाऱ्याच्या बाजूला झाडांची रांग असेल तर झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत हवा ढवळलेली धरा, १५ मीटरची झाडं असतील तर दीडशे मीटर. तिथे हळू उडणं म्हणजे पंख टेकलाच समजा.

हवा वाचायची कशी? खांबावरच्या रिबिनी सगळेच बघतात, पण फक्त आपल्या राउंडच्या वेळी. मी निदान दोन राउंड आधीपासून बघत उभा राहतो. वारा पडतो, मग दुसरीकडून वाढतो, यात किती मिनिटांचं अंतर आहे, पडल्यावर मॉडेल कुणाचं आणि कुठे वर गेलं. गावाकडे एप्रिलच्या उन्हात शेतात वावटळ उठते ना, पाचोळा गरगरत वर जातो, तो थर्मलच असतो, नुसता डोळ्यांना दिसणारा. इथे पाचोळा नसतो पण पाकोळ्या असतात, त्या वर जाणाऱ्या हवेतले किडे खायला घिरट्या घालतात, आणि बझर्ड म्हणून आपल्या घारीसारखा पक्षी असतो तो पंख न हलवता गोल घेत असेल तर डोळे झाकून तिकडे जा. फक्त तो *किती मागे* आहे ते आधी बघा.

पावसाबद्दल. आपल्या मॉडेलच्या पंखांचा आकार असा असतो की हवा गुळगुळीत वाहिली तरच ते चांगले उडतात, पुढच्या कडेवर पाण्याचे थेंब बसले की तोच पंख लवकर उतरतो आणि लवकर स्टॉल होतो, म्हणजे मॉडेलला हवेत पेलेनासा होतो. खिशात मायक्रोफायबरचं फडकं ठेवा, लाँचच्या आधी शेवटच्या मिनिटाला पंख आणि शेपूट पुसा, आणि त्या फ्लाइटला एरवीपेक्षा जरा जास्त वेगाने उडवा. ऑल्टिमीटरच्या (उंची मोजणाऱ्या यंत्राच्या) हवेच्या भोकावर पाणी साचलं नाही ना तेही बघा. ट्रान्समीटरवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर, पारदर्शक कव्हर घ्या ज्यात हात आत जातात, गारठलेल्या बोटांनी स्टिक नीट हलत नाहीत.

थंडीत लायपो बॅटरी गाडीच्या डिकीत ठेवू नका, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. गार बॅटरीचं व्होल्टेज जोर पडला की खाली बसतं, चढतानाच स्पीड कंट्रोलर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) मोटर बंद करतो आणि मग परत चालू करायची सोय नाही.

राखाडी ढगाखाली पांढरं-पिवळं मॉडेल दिसेनासं होतं. पंखाच्या खालच्या बाजूला काळा नाहीतर गडद लाल पट्टा हवाच, आणि गडद गॉगल काढून नारिंगी काचेचा घाला. ढग खाली असेल तर त्यात शिरायच्या बरंच आधी बाहेर पडा. मोठ्या काळ्या ढगाखाली मॉडेल आपोआप वर ओढलं जायला लागलं तर खूश होऊ नका, तिथून घाबरून सुळकी मारलीत तर पंख फडफडून तुटतात, ब्रेक उघडा आणि ढगाच्या कडेकडे सरळ चला. गडगडाट ऐकू आला तर विषय संपला, हातात अँटेना आणि वर कार्बन फायबर घेऊन मोकळ्या मैदानात उभं राहायचं नसतं. नियमात वाऱ्याची मर्यादा आहे, एफ५जेला १२ मीटर प्रति सेकंद, एफ३केला ८, दोन मीटर उंचीवर मोजलेला. पण विजेसाठी कॉन्टेस्ट डायरेक्टर कधी थांबवतो याची वाट बघू नका.

आणि सगळ्यात जास्त मॉडेलं तुटताना मी बघितली ती हवेत नाही, जमिनीवर. चार मीटरचं, दीड किलोचं मॉडेल गवतावर ठेवून पायलट चहा घ्यायला गेला, एक झटका आला आणि ते पाठीवर उलटं झालं, फिन (शेपटीचा उभा भाग) मोडलं. नाक वाऱ्याकडे करून ठेवा, एक पंख टेकवून त्यावर भरलेली बॅग ठेवा, किंवा सरळ विंग काढून ठेवा. लाँच करतानाही झटका गेल्यावर नाही, झटका अंगावर असताना, पंख सपाट धरून, समोर सरळ सोडा, वर फेकू नका.

रात्री घरी आल्यावर कितीही दमला असाल तरी पंख बॅगेतून बाहेर काढा. ओली बॅग बंद राहिली की सर्वोचे (पंखाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) गिअर आणि कनेक्टर गंजतात. आमच्या हॉलमध्ये कॉन्टेस्टच्या रात्री सोफ्यावर विंगचे तीन तुकडे आणि खुर्चीवर फ्युजलाज (मॉडेलचं धड) असतं, बॅटरीचा कप्पा उघडा ठेवलेला, आतली सळई पुसून वेगळी ठेवलेली, आणि सकाळपर्यंत तिथे कुणी बसायचं नाही.