दुसऱ्या देशात लष्करी हस्तक्षेप करणं योग्य होतं का? चर्चा कशी घ्यावी
कोल्हापुरात दसरा चौकात शाहू स्मारकला अभ्यासमंडळ बसवताय, तर एकच प्रसंग घ्या: लिबिया, 2011. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक 1973 छापून प्रत्येकाच्या हातात द्या. परिच्छेद 4 खाली पेन्सिलीनं रेघ मारायला लावा: नागरिकांच्या रक्षणासाठी सर्व आवश्यक उपाय, पण परकीय ताबा-सैन्य नको. मग विचारा, लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी मारला जाईपर्यंत चाललेले नाटोचे हवाई हल्ले यात बसतात का? गाडी घसरते ती इथंच. हेतू चांगला म्हटला की लोक बाकी सगळं माफ करून टाकतात. तसं होऊ देऊ नका. परवानगी, हेतू, शेवटचा उपाय, बळाचं प्रमाण, प्रत्येकाचा निवाडा वेगळा लिहा. ठरावावरचं मतदान सांगाच: 10 बाजूनं, विरोधात कुणी नाही, भारतासह 5 तटस्थ. युद्धानंतरच्या यादवीला निदान अर्धा तास राखून ठेवा.