पिशवीतलं पाणी तळ्यात ओतू नका

जुलै-ऑगस्टात बंगालच्या नैहाटीकडून, आंध्रातल्या कैकलूरकडून कटला, रोहू, पंगसच्या बोटुकलीच्या (बोटभर पिल्लांच्या) गाड्या येतात. गाडी अपरात्री पोचते, ड्रायव्हरला परतीची घाई असते आणि आपण पिशव्या फोडून पाण्यासकट शेततळ्यात रिकाम्या करतो. आठ-दहा दिवसांनी मासे तरंगू लागले की 'पाऊस बाधला' म्हणतो. पाऊस नव्हे, रोग त्या पिशवीतून आला.

प्रवासात दाटी आणि अमोनियाने पिल्लं अर्धमेली होतात. अंगावरचा एरोमोनास जिवाणू तेव्हाच जोर धरतो: लाल चट्टे, झडलेले पर, फुगलेलं पोट. पंगसमध्ये एडवर्डसिएला हा जिवाणू आणखी फसवा. बाहेरून फारसं काही दिसत नाही, पोट फाडलं की यकृत-प्लीहेवर पांढरे ठिपके. व्हिएतनामच्या पंगस तळ्यांना याच रोगाने पोळलंय.

म्हणून नवीन बीज, म्हणजे आणलेली पिल्लं, 14 दिवस वेगळ्या टाकीत, एअरेटर लावून. त्याच तळ्यात हापा (जाळीचा पिंजरा) बांधणं म्हणजे विलगीकरण नव्हे, पाणी तेच ना! जाळं, बादलीसुद्धा वेगळी.

गाडी आल्यावर:
- बंद पिशवी टाकीच्या पाण्यात 15-20 मिनिटं
- उघडून टाकीचं पाणी थोडं थोडं आत
- पिल्लं जाळीने टाकीत, पिशवीचं पाणी तळ्यापासून लांब खड्ड्यात
- 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम मीठ, मिनिटभर बुडवण. आधी 10 पिल्लांवर, पंगसला विशेष जपून
- पहिला दिवस खाद्य नाही
- मातीच्या तळ्यात आधीच चुना, हेक्टरी 200 किलो (गुंठ्याला 2)

टबात पाणी गोल ढवळा. निरोगी पिल्लं धारेच्या उलटी पोहतात, आजारी वाहत जातात. पिशवी उघडताच कुजकट वास आला तर मी ती घेतच नाही. हे पुस्तकात नाही, पण अजून फसलो नाही.

दुकानदार 'रोगप्रतिकार' बाटली आणि प्रतिजैविकाची पुडी हातात ठेवेल. त्या पैशात टाकी होते. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान तर बंदीच आहे, आणि पुडीत काय आहे ते तो सांगत नाही.

मर लागलीच तर मेलेले मासे ओढ्यात फेकू नका, चुना टाकून खोल पुरा. तपासणीला कुजलेला मासा चालत नाही. नुकता सुस्तावलेला, अजून कल्ले हलवणारा मासा बर्फात ठेवून त्याच दिवशी द्या. 2023 पासून 'रिपोर्ट फिश डिसीज' ॲपवरही कळवता येतं. फोटो काढताना कल्ला उचलून आतला भाग दाखवा.