डोंगरी कंद लावण्याआधी

जागा ठरवताना एवढंच बघा: उन्हाळ्यात इथे पाणी पोचतं का? ऊन हवं, शेणखत नको, हे माहीत असतंच. क्रोकस, आयरिस रेटिक्युलाटा, बुटके रानटी ट्युलिप ही कंदातून फुलणारी मंडळी बहुतेक तुर्कस्तान, इराण, मध्य आशियाच्या डोंगरउतारांवरची. तिकडे हिवाळ्यात बर्फ, वसंतात वितळलेलं पाणी, मग उन्हाळा कोरडा ठणठणीत. पानं वाळली की कंद झोपतो. तेव्हा ओल लागली की बुडापासून कुजतो आणि वरून पत्ताही लागत नाही. उकरून बघावं तर साल जशीच्या तशी, दाबलं की बोट लगद्यात.

झोपलेल्या कंदांना पाणी देऊ नका, हे कुणीही सांगतं. शेजारच्या फुलझाडांना दिलेलं पाणी झिरपून तिथेच जातं, हे कुणी सांगत नाही. मागच्या खेपेला माझे कंद असेच गेले. स्प्रिंकलर कुठवर उडतो ते आधी बघा. उन्हाळी पाऊस असेल तर वर पारदर्शक पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. कुंडी असेल तर सरळ वळचणीखाली सरकवा. स्नोड्रॉप आणि फ्रिटिलारिया मेलेआग्रिस ही कंदफुलं तेवढी अपवाद, त्यांना थोडी ओल चालते. बाकीच्यांना नाही म्हणजे नाही.

माती निम्मी, बारीक खडी निम्मी. चिकणमातीत खड्डा खणून तळाशी खडी ओतलीत तर त्याचं डबकं होतं. तिथे उंच वाफाच करा.

कंद दाबून घ्या, मऊ नको. फ्रिटिलारियाला वरची साल नसते, पडून राहिला की सुकतो, आणल्या आणल्या लावा. खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट. आयरिस डॅनफोर्डिए मात्र 15 सेंटिमीटर तरी खाली, नाहीतर कंद फुटून नुसते बारीक पिल्लू-कंद होतात. थंडी पुरेशी नसेल तर ट्युलिप, क्रोकस 12 ते 14 आठवडे फ्रीजमध्ये, पण फळांपासून लांब. फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते.

उंदरांसाठी वर जाळी. मावा दिसला की काढा. पानांवर चट्टेपट्टे आले तर विषाणू समजा, कंदासकट उपटा. पिवळी पडेपर्यंत पानं कापू नका. खत दिलंच तर पोटॅशचं. आणि खुणेच्या काड्या रोवाच, नाहीतर उन्हाळ्यात मोकळी जागा बघून कुणीतरी तिथे रोप लावतं आणि रोज पाणी घालतं.