ना-नफा संस्थेला औपचारिक सभासद असावेत का?

नियमावलीचा मसुदा करण्यापूर्वी, संचालक मंडळ निवडण्याचा आणि बदलण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हाती असावा, हे ठरवावे. औपचारिक सभासद म्हणजे नुसते वर्गणीदार नव्हेत; मंडळाची निवडणूक, नियमावलीतील दुरुस्ती, विलीनीकरण आणि विसर्जन यांवर सहसा त्यांचे मत घ्यावे लागते.

ज्यांच्यासाठी संस्था आहे तेच ती चालवणार असतील, जसे व्यावसायिकांची संघटना किंवा रहिवाशांचा संघ, तर सभासद हवेतच, असे माझे ठाम मत आहे. देणग्यांवर चालणाऱ्या सेवाभावी संस्थेला मात्र आपले उत्तराधिकारी स्वतः नेमणारे मंडळ बहुधा पुरते.

गणसंख्येचा, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणाऱ्या किमान उपस्थितीचा, हिशेब आधीच मांडून पाहावा. सभासद ३०० आणि गणसंख्या एक तृतीयांश असेल, तर १०० जण जमल्याशिवाय साधी दुरुस्तीही मंजूर होणार नाही. शिवाय पत्ता बदललेल्या प्रत्येकाला सभेची रीतसर नोटीस पोहोचवण्याचे काम असतेच.

सभासद नको असतील, तर तसे नियमावलीत स्पष्ट लिहावे आणि देणगीदारांना ‘सभासद’ न म्हणता ‘हितचिंतक’ म्हणावे, कारण शब्दाच्या ढिलाईतून पुढे मताधिकाराचे वाद उभे राहतात. एकदा दिलेला मताधिकार काढून घ्यायचा झाल्यास बहुधा त्याच सभासदांची संमती लागते.