घरचं लग्न झालं, लेकरं झाली, आता ते स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये कसं आणायचं

कापूस विकून हातात चार पैसे आले की आमच्याकडे एक प्रश्न घेऊन माणसं येतातच येतात. मी यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातल्या एका गावात ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं काम करतो. नवराबायको दोघं येतात, कडेवर लेकरू असते, अन् म्हणतात, "भाऊ, आमचं कोर्ट मॅरेज करून द्या ना." मी विचारतो लग्न झालं नाही का तुमचं, तर म्हणते, "झालं ना जी, सहा वर्षं झाली, विहारात झालं, पण तो गोंड अन् मी बौद्ध, आता पोराच्या दाखल्यासाठी कागद मांगून राहिले."

तर पहिली गोष्ट इथेच समजून घ्या, कारण नव्वद टक्के गडबड इथेच होते असं माझं मत आहे. ज्याला आपण कोर्ट मॅरेज म्हणतो ते स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४, अन् त्यात आत शिरायचे दरवाजे दोन आहेत. एक कलम ५ चा, तो ज्यांचं लग्न अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी. दुसरा कलम १५ चा, तो ज्यांचं लग्न कुठल्यातरी पद्धतीने आधीच लागलेलं आहे, देवळात म्हणा, विहारात म्हणा, मांडवात म्हणा, अन् ते लग्न आता या कायद्याखाली आणायचं आहे त्यांच्यासाठी. कलम १५ म्हणजे नवीन लग्न नाही, जुन्याच लग्नाची नोंद. पण लोक काय करतात, एजंट सांगतो म्हणून कलम ५ ची नोटीस भरतात, त्यात दोघंही "अविवाहित" लिहितात अन् दोन लेकरं बाहेर बाकावर बसलेली असतात. असं करू नका. याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये खोट्या डिक्लेरेशनवर सही करणं गुन्हा आहे, अन् नुसतं सही करणाऱ्यालाच नाही, त्याला साक्ष देणाऱ्यालाही ते लागू होते, म्हणजे तुम्ही ज्या काकाला साक्षीला आणलं तोही अडकतो.

झालेलं लग्न दुसऱ्या कायद्यात बदलायचं म्हणून नेटवर "कन्व्हर्ट" शोधलं की इंग्लंडचं काहीतरी येते, ते वाचून एक पोरगा मला दाखवायला आला होता. तिथे सिव्हिल पार्टनरशिप नावाचं लग्नासारखंच पण वेगळं नातं आहे, अन् १० डिसेंबर २०१४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये समलिंगी जोडप्यांना ते लग्नात बदलून घेता येते, अन् बदललं की लग्न पार्टनरशिपच्या तारखेपासूनच होतं असं धरतात. आपल्याकडे सिव्हिल पार्टनरशिप हा प्रकारच नाही, ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टानेही समलिंगी जोडप्यांसाठी असं काही आपल्या अधिकारात बनवून दिलं नाही, ते काम संसदेचं म्हटलं. आपल्या कलम १५ मध्ये तारखेचा हिशोबही वेगळा आहे, तो पुढे सांगतो.

आता तुम्हाला हे करायची गरज आहे का ते बघा आधी. नवराबायको दोघंही हिंदू किंवा बौद्ध किंवा जैन असतील अन् आदिवासी नसतील तर त्यांना हिंदू विवाह कायदा १९५५ लागू आहे, बौद्धांनाही तोच. अशा जोडप्याने महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे नोंद केली तरी बहुतेक कामं होतात, जिल्ह्याला जायची गरजच नाही. पण एक ध्यानात ठेवा, ती नोंद म्हणजे लग्न नाही, लग्नाचा पुरावा आहे. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये स्पष्टच सांगितलं की हिंदू विवाहात विधीच झाला नसेल तर नुसत्या सर्टिफिकेटने लग्न होत नाही. अन् ते शंभर रुपयाच्या स्टॅम्पवर नोटरी करून "आम्ही आजपासून पतीपत्नी" असं जे लिहून देतात ना, त्याने तर काहीच होत नाही बाप्पा, पैसे जातात फक्त.

गरज खरी कोणाला पडते, तर ज्या दोघांना एकच कायदा लागत नाही त्यांना. हिंदू मुस्लिम असेल, ख्रिश्चन बौद्ध असेल. अन् आपल्या भागात मुख्य म्हणजे गोंड, कोलाम, परधान, माडिया असेल अन् दुसरा आदिवासी नसेल, कारण हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्येच लिहिलं आहे की केंद्र सरकारने वेगळं नोटिफिकेशन काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. आदिवासींचं लग्न त्यांच्या रूढीने चालते. दोघंही त्याच समाजाचे असतील तर रूढीने झालेलं लग्न पक्कं आहे, त्याला कमी समजू नका कोणी. पण एक इकडचा अन् एक तिकडचा असला की उद्या कोणी भाऊबंद उठून म्हणतो हे लग्नच नाही, अन् त्या बाईला अन् लेकरांना शेताच्या बांधावरून हाकलते, मी हे पाहिलं आहे, म्हणून एवढं जीव तोडून सांगतो.

कलम १५ च्या अटी आता नीट वाचा. विधी झालेला पाहिजे अन् तेव्हापासून दोघं नवराबायको म्हणून सोबत राहत असले पाहिजे. नोंदणीच्या वेळी कोणाचाही दुसरा जोडीदार जिवंत नको. दोघांची मानसिक स्थिती ठीक पाहिजे. दोघंही अर्ज करायच्या आधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असले पाहिजे, दोघंही, हे महत्त्वाचं आहे कारण कलम ५ मध्ये एकजण राहिला तरी चालते पण इथे नाही चालत, मग नवरा पुण्याला कंपनीत असेल तर त्याने महिनाभर गावात राहून मगच अर्ज करायचा किंवा दोघांनी पुण्यातच करायचा.

वयाचं सगळ्यात जास्त चुकते. मुलगी १८ मुलगा २१ हे सगळ्यांना पाठ असते, पण ते लग्न लावायला. कलम १५ खाली नोंद करायला दोघंही २१ पूर्ण पाहिजे, मुलगीसुद्धा. वीस वर्षाच्या पोरीला घेऊन लोक यवतमाळपर्यंत जातात अन् वापस येतात. टीसीवरची जन्मतारीख आधी बघा, आधारवर वेगळी अन् टीसीवर वेगळी असेल तर तेही आधी दुरुस्त करा, तिथे जाऊन भांडण करून उपयोग नाही.

दुसरी अडचण नात्याची. आपल्याकडे मामाची पोरगी करणं म्हणजे काही विशेष नाही, उलट पहिला हक्क मामाचाच म्हणतात, गोंडात तर दूध लौटावा म्हणून मान आहे त्याला. पण स्पेशल मॅरेज ॲक्टच्या पहिल्या परिशिष्टात मामेबहीण, आतेबहीण, मावसबहीण सगळ्या निषिद्ध नात्यात येतात. कलम १५ मध्ये रूढीची सूट आहे पण ती फक्त हा कायदा लागू व्हायच्या आधी, म्हणजे १ जानेवारी १९५५ च्या आधी झालेल्या लग्नांना. म्हणजे आजच्या मामेबहिणीच्या लग्नाला हा दरवाजा बंदच समजा. अशा जोडप्यांनी घाबरायचं काम नाही, मामाची मुलगी म्हटल्यावर बहुतेक दोघं एकाच समाजाचे असतात, रूढीने झालेलं लग्न तुमच्या कायद्यात मान्य असेल तर ग्रामपंचायतीतली नोंद करून घ्या.

तिसरी गोष्ट सोडचिठ्ठी. पहिल्या नवऱ्याने पंचासमोर सोडचिठ्ठी दिली, स्टॅम्पवर अंगठे झाले, मग बाईने पाट लावला, आता दुसऱ्या लग्नाची नोंद करायची आहे. काही समाजात सोडचिठ्ठीची रूढी कायद्याने मान्य आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये ती वाचवून ठेवली आहे, पण तशी रूढी खरंच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. नुसता स्टॅम्प दाखवून अधिकारी सहसा ऐकणार नाही अन् तुम्ही रेटलं तर पहिला जोडीदार जिवंत म्हणून उद्या सगळंच रद्द व्हायची भीती. त्यामुळे इथे पैसे वाचवू नका, कोर्टाची डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम, घ्या मगच या भानगडीत पडा. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी तालुका कोर्टात विधी सेवा समितीकडे जा, बायांना अन् एससी-एसटीच्या लोकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अटही नाही त्यांना. पहिला जोडीदार वारला असेल तर मृत्यू दाखला पुरे.

मग करायचं कसं. अर्ज जातो जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे, हे नोंदणी व मुद्रांक विभागाचे असतात, आपली शेताची खरेदी लावतो तोच विभाग. जायच्या आधी फोन करून किंवा कोणाला पाठवून विचारा की कलम १५ चा अर्ज कोणत्या दिवशी घेता, अन् "कलम १५, झालेल्या लग्नाची नोंद" असंच बोला, नुसतं कोर्ट मॅरेज म्हणलं की समोरचा कलम ५ चा फॉर्म हातात देतो. सोबत दोघांचे आधार, वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, पासपोर्ट फोटो, लग्नाची पत्रिका असली तर पत्रिका, लग्नातले दोनचार फोटो ज्यात विधी दिसतो, लेकरांचे जन्म दाखले. पत्रिका नसेल, घाईत लग्न झालं असेल तर ज्याने लग्न लावलं त्या भंतेजीचं, महाराजाचं किंवा गावच्या भुमकाचं, म्हणजे आदिवासी पुजाऱ्याचं, प्रतिज्ञापत्र कामी येते, अन् मांडवात हजर होते अशा माणसालाच साक्षीदार करा.

अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या की अधिकारी जाहीर नोटीस लावतो अन् ३० दिवस हरकतीसाठी थांबतात. याला लोक फार भितात. हरकत कोणीही घेऊ शकते हे खरं, पण ती वर सांगितलेल्या अटींवरच टिकते. "आमच्या घरची मर्जी नव्हती", "जात वेगळी आहे", "आमची इज्जत गेली" ही हरकत होत नाही. आलीच हरकत तर अधिकाऱ्याला ऐकून निर्णय द्यावा लागते अन् नोंदणी नाकारली तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील आहे, तारीख चुकवू नका. कोणी धमकी देत असेल तर ते तीस दिवस जायच्या आधीच पोलिसात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेऊन ठेवा.

तीस दिवस झाले की दुसरा फेरा, दोघं अन् तीन साक्षीदार. विवाह प्रमाणपत्र पुस्तकात नोंद होते अन् सगळ्यांच्या सह्या होतात.

आता तारखेचं. कलम १८ म्हणते की पुस्तकात नोंद झाली त्या दिवसापासून हे लग्न या कायद्याखाली झालं असं धरायचं, म्हणजे इंग्लंडसारखं मागच्या तारखेपासून नाही. पण लेकरांसाठी मात्र कायदा मागे जातो, लग्नाच्या विधीनंतर जन्मलेली सगळी मुलं सुरुवातीपासूनच औरस, म्हणजे लग्नाची कायदेशीर मुलं, धरतात, अन् त्यांची नावं त्याच पुस्तकात लिहायची असतात. हे अर्ज करताना कोणी सांगत नाही. तुम्ही स्वतः म्हणा की लेकरांची नावं घाला. हक्क मात्र आईबापाच्या मालमत्तेपुरता, आधी जो हक्क नव्हता तो आजोबाच्या किंवा काकाच्या मालमत्तेत या नोंदीने नवीन तयार होत नाही. अन् विधीच्या आधी जन्मलेलं लेकरू असेल तर ते या कलमात येत नाही, त्याच्यासाठी वेगळा सल्ला घ्या, लपवून तारीख बदलू नका.

शेतीच्या वाट्याचं लोक नेहमी विचारतात, नोंद केली की बापाच्या घरातून नाव कमी होते का. जुन्या कलम १९ प्रमाणे एकत्र कुटुंबातून माणूस वेगळा झाला असं धरायचे, पण १९७६ मध्ये कलम २१अ आलं, दोघंही हिंदू, बौद्ध, शीख, जैन यातले असतील तर कलम १९ लागू नाही अन् वारसाही आपल्या नेहमीच्याच कायद्याने चालतो. एकजण मुस्लिम किंवा ख्रिश्चन असेल तर वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने जाते. आदिवासी जोडीदार असेल तर हिंदू वारसा कायदा त्यांना लागू नसल्याने प्रश्न गुंतागुंतीचा आहे, सातबारा घेऊन वकिलाकडे बसा अन् मगच सही करा, घाईचं काम नाही ते.

अन् ज्यांचा विधीच झाला नाही त्यांचं काय. आपल्या चंद्रपूर गडचिरोलीकडे अशी जोडपी खूप आहेत, गावजेवणाला पैसे नाहीत म्हणून दहा दहा वर्षं तसेच सोबत राहतात, लेकरं मोठी होतात. त्यांना कलम १५ नाही. त्यांनी कलम ५ ने जायचं, तिथे नोटीस, तीस दिवस, अन् नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावावं लागते नाहीतर नोटीस मरते. इथे अविवाहित लिहिलं तर ते खरंच आहे. किंवा सामूहिक सोहळ्यात रूढीने लग्न लावून घ्या अन् मग नोंद करा. तोपर्यंतही बाई अगदी वाऱ्यावर नसते, २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण आहे, अन् वर्षानुवर्षं नवराबायको म्हणून राहिले तर कोर्ट लग्न झालं असंच गृहीत धरू शकते, १९७८ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने पन्नास वर्षांच्या सहवासावर तसं धरलं होतं. पण गृहीत धरणं म्हणजे कोर्टात जाऊन भांडावं लागते, हातात कागद असणं वेगळं.

आंतरजातीय जोडपं असेल अन् त्यातला एक एससी, एसटी किंवा भटक्या विमुक्तातला असेल तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात ५०,००० रुपयांच्या प्रोत्साहन योजनेचं विचारा, त्याला विवाह नोंदणीचा दाखला लागतोच.

शेवटी पुस्तकात सही करायच्या आधी स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर सोबतच्याला मोठ्याने वाचायला लावा. बाईचं माहेरचं नाव, लेकरांची नावं जन्म दाखल्यावर आहेत तशीच, विधीची तारीख, सगळं. एकदा सह्या झाल्या की एक वेलांटी बदलायलाही परत जिल्ह्याची एसटी पकडावी लागते. अन् तिथून निघतानाच चार सर्टिफाईड प्रती मागून घ्या, एक घरी, एक माहेरी आईजवळ ठेवा.