चिठ्ठी फाडल्याशिवाय पेव द्यायचं नाही: हायपरवायझरमधले टीएलबीचे बग

आजोबा सांगलीजवळ हरिपूरला हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. जमिनीखालच्या कुठल्या पेवात कुणाची हळद, हे मोठ्या वहीत असायचं. दर वेळी वही काढायला नको म्हणून नेहमीच्या पेवांचे आकडे ते चिठ्ठीवर लिहून कोपरीच्या खिशात ठेवत, हाताखालची दोन पोरंही तसंच करत. हळद हलली की आधी वहीतली नोंद बदलायची, मग तिघांच्याही चिठ्ठ्या फाडायच्या, आणि त्यानंतरच ते पेव दुसऱ्याला द्यायचं. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

प्रोग्रामचा पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे हे पेज टेबलमध्ये असतं, ती वही. त्यातल्या नेहमीच्या नोंदी प्रोसेसर स्वतःजवळ टीएलबीत ठेवतो, ती चिठ्ठी. व्हर्च्युअल मशीन आलं की वह्या दोन होतात: गेस्टची, म्हणजे मशीनच्या आत चालणाऱ्या सिस्टिमची, स्वतःची आणि तिच्याखाली हायपरवायझरची, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. इंटेलवर या दुसरीला ईपीटी म्हणतात. दोन्ही चार पातळ्यांच्या असतील तर एक पत्ता शोधायला २४ वेळा मेमरी वाचावी लागू शकते, त्यामुळे चिठ्ठीवाचून गत्यंतर नाही. पण ती शिळी राहिली तर गेस्ट बिनबोभाट दुसऱ्याच्या पेवात हात घालतो. मी विश्रामबागेत घरी बसून हायपरवायझरचा कोड लिहितो. गेल्या पावसाळ्यात आमच्याच कोडमधला असा एक बग शोधायला १९ दिवस गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लक्षण ओळखा. गेस्ट दर वेळी वेगळ्याच जागी कोसळतो, डंपमध्ये एखाद्या पानात भलताच मजकूर दिसतो, आणि लॉगची एक ओळ वाढवली की बग गायब. असं असेल तर कोसळलेल्या जागेचा कोड वाचत बसू नका. चूक तिथे झालेली नसते, फक्त उघडकीला आलेली असते.

आधी तीन चाचण्या करा, कोडला हात न लावता किंवा एखादी ओळ घालून. पहिली, प्रत्येक व्हीसीपीयू (गेस्टला दिसणारा प्रोसेसर) एकेका कोअरला बांधा. बग गेला तर संशय स्थलांतरावर: व्हीसीपीयू कोअर २ वरून ५ वर गेला, तिथे गेस्टने एक पत्ता रद्द केला, आणि परत २ वर आल्यावर जुनी चिठ्ठी खिशातच होती. टीएलबीतली नोंद कुठल्या व्हीसीपीयूची हे सांगणारा क्रमांक म्हणजे व्हीपीआयडी. नव्या कोअरवर चढताना त्या व्हीपीआयडीच्या नोंदी पुसल्या की हे मिटतं. दुसरी, व्हीपीआयडी बंद करा. केव्हीएममध्ये (लिनक्सच्या हायपरवायझरमध्ये) इंटेलचं मोड्यूल लोड करताना तेवढा पॅरामीटर शून्य द्यायचा. मग प्रत्येक एंट्री-एक्झिटला, म्हणजे गेस्टमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना, गेस्टच्या पत्त्यांच्या नोंदी पुसल्या जातात. पण इथे फसू नका. गेस्ट-फिजिकल पत्त्यांच्या (गेस्ट ज्यांना खरी मेमरी समजतो त्या पत्त्यांच्या) नोंदी याने जात नाहीत, त्यांना इन्व्ह-ईपीटी ही पुसण्याची सूचनाच लागते. म्हणून तिसरी चाचणी: प्रत्येक एंट्रीच्या अगदी आधी सर्व संदर्भांसाठी इन्व्ह-ईपीटी. आमचा बग पहिल्या चाचणीत तसाच राहिला आणि तिसरीत गेला. म्हणजे ईपीटी बदलत होती, पण फ्लश, म्हणजे चिठ्ठ्या फाडण्याचा निरोप, कुणापर्यंत तरी पोचत नव्हता.

तिसऱ्या चाचणीतली ती ओळ तशीच ठेवून घरी जाण्याचा मोह होतो. ठेवू नका. वेग मरतो, आणि एक्झिट न घेता आतच फिरणाऱ्या व्हीसीपीयूला तिचा काडीचाही उपयोग नाही.

आता बग हुकमी यावा म्हणून छोटा गेस्ट लिहा. होस्टवर दोन पानं घ्या, एक ११ ने भरा, दुसरं २२ ने. गेस्टचा एक पत्ता पहिल्या पानाला जोडा. व्हीसीपीयू ० हायपरकॉल करून (हायपरवायझरला हाक मारून) तो पत्ता दुसऱ्या पानावर फिरवतो, व्हीसीपीयू १ तोच पत्ता सतत वाचतो. हायपरकॉल परतल्यानंतर ११ एकदा जरी दिसले तरी बग सापडला. हे दोन तऱ्हांनी चालवा. एकदा नुसत्या घट्ट लूपमध्ये, आणि एकदा दर फेरीला सीपीयूआयडी ही सूचना घालून, कारण इंटेलवर त्या सूचनेने एक्झिट होतेच. पहिल्या तऱ्हेने आमचा कोड रात्रभर पास झाला. दुसरीत चौथ्या मिनिटाला ११ दिसले. बाहेर पाऊस कोसळत होता, रात्रीचे दोन वाजले होते, आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

चूक दारात होती. आमचा व्हीसीपीयू आधी बघायचा, 'फ्लशची विनंती आली आहे का?', आणि मग स्वतःवर 'गेस्टमध्ये आहे' अशी खूण करायचा. या दोन ओळींच्या मधल्या फटीत दुसऱ्या कोअरने ईपीटी बदलली, विनंती ठेवली, खूण पाहिली, 'हा बाहेरच आहे' असं समजून त्याला बाहेर काढणारा इंटरप्ट पाठवलाच नाही आणि जुनं पान मोकळं केलं. आणि आमचा गडी जुनी चिठ्ठी घेऊन आत शिरला.

दुरुस्ती म्हणजे क्रम उलटा करणं. इंटरप्ट बंद, आधी खूण, मग मेमरी बॅरियर (आधीचं लिहिणं पुरं झाल्याशिवाय पुढचं वाचू न देणारी सूचना), मग विनंती तपासणं. विनंती असेल तर खूण काढून मागे फिरायचं आणि फ्लश करून पुन्हा यायचं. बदल करणाऱ्याच्या बाजूला: ईपीटीची नोंद बदला, विनंती ठेवा, बॅरियर, मग खूण वाचा. आत असलेल्या प्रत्येकाला इंटरप्ट पाठवा, तो बाहेर आल्याची खात्री होईपर्यंत थांबा, आणि त्यानंतरच पान मोकळं करा. बॅरियर दोन्हीकडे हवाच. एका बाजूचा गाळला तर बग परत येतो, फक्त महिन्यातून एकदा.

याच हाताने आणखी दोन जागा बघून घ्या. बंद झालेल्या मशीनचा व्हीपीआयडी नव्याला देण्याआधी इन्व्ह-व्हीपीआयडी (त्या क्रमांकाच्या नोंदी पुसणारी सूचना) होते का? आणि ईपीटीतली परवानगी कमी केल्यावर फ्लश होतो का? वाढवताना तो विसरला तर बहुतेक वेळा निभावतं, कारण ईपीटी व्हायोलेशन (ईपीटीत परवानगी नसलेला वापर) झाली की प्रोसेसर त्या पत्त्याची नोंद स्वतःच टाकून देतो. कमी करताना तसं कुणी वाचवत नाही.

शेवटी सगळे लॉग काढा, व्हीपीआयडी चालू करा, कोअरला बांधलेले व्हीसीपीयू सोडा आणि दोन्ही तऱ्हा रात्रभर चालवा. सकाळी मुद्दाम दोन ओळींची अदलाबदल करून चाचणी नापास होते का तेही बघा. आमची अडीच मिनिटांत नापास झाली. मग ओळी जागेवर ठेवल्या आणि वर कॉमेंट लिहिली: आधी खूण, मग तपासणी, क्रम बदलू नये.