‘गम घेतला, फरक नाही’: सिगरेट-बिडी सोडवताना या चुका टाळा

सिगरेट सोडायला आलेल्या पेशंटला तलफ आवरण्यासाठी निकोटीनचा गम दिला जातो. पंधरा दिवसांनी तो येऊन सांगतो, “गम घेतला, काही फरक नाही.” डॉक्टरांकडून उत्तर येतं, “तुमचीच इच्छाशक्ती कमी पडते.” मग तो पेशंट पुन्हा फिरकत नाही. अशा वेळी इच्छाशक्तीचा विषय काढूच नये. गम कसा चघळला, दिवसाला किती घेतले आणि कधी बंद केले, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

गम च्युइंगमसारखा चघळणं

सगळ्यात जास्त नासाडी इथे होते. पेशंट दिवसाला बिडीचे दोन बंडल संपवणारा असतो. मेडिकलमधून २ मिलिग्रॅमच्या गमची पट्टी घेतो आणि सकाळच्या चहाबरोबर एक गम तोंडात टाकून भराभर चघळतो. पाच मिनिटांत घसा जळजळतो, उचकी लागते, मळमळतं. दुपारी दुसऱ्या गमला पुन्हा तेच. तिसरा खिशातच राहतो आणि संध्याकाळी टपरीवर बिडी पेटते. ‘गम सोसत नाही’ असा शेरा केसपेपरवर पडतो आणि पुढची चार-पाच वर्षं कुणी तो विषय काढत नाही.

गममधलं निकोटीन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जायला हवं. भराभर चघळलं की ते लाळेबरोबर पोटात जातं. तिथे जळजळ आणि उचकी होते, आणि पोटातून शोषलेलं बरंचसं निकोटीन यकृतातच संपतं. म्हणजे त्रास पूर्ण होतो आणि तलफ मात्र तशीच राहते. त्यात चहा, कॉफी, कोल्ड्रिंक किंवा लिंबू सरबत घेतलं असेल तर तोंडात आम्लता वाढते आणि शोषण आणखी घटतं. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको.

सावकाश चावायचं. जिभेला मिरमिर जाणवली, तिखटसर चव आली की थांबून गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा. मिनिटभरात मिरमिर ओसरली की परत चावायचा आणि दुसऱ्या गालात ठेवायचा. असं अर्धा तास. तंबाखूचा बार धरणारा माणूस घरात असेल, तर “चघळू नका, बारासारखा धरा” एवढं सांगितलं तरी पुरतं. पहिला गम ओपीडीत, समोर बसवूनच घ्यायला लावावा. छापील कागद हातात दिला की काम झालं, असं मानणं हा आळस आहे.

डोस कमी, तोही तलफ आल्यावर

दिवसाला किती ओढता, एवढंच विचारून भागत नाही. सकाळी उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात पेटते, ते विचारा. अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम लागतो. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो म्हणून सगळ्यांच्या हातात तोच पडतो. ‘बिडी हलकी असते’ हा समज डॉक्टरांमध्येही आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. बिडी ओढणाऱ्याला डोस कमी लिहू नका.

सिगरेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं. गमचा पूर्ण असर यायला २० ते ३० मिनिटं जातात. त्यामुळे तलफेची वाट न बघता गम घड्याळ लावून घ्यायचा: पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी, म्हणजे दिवसाला ९ तरी, कमाल २४. पुढचे ३ आठवडे दर दोन ते चार तासांनी, शेवटचे ३ आठवडे चार ते आठ तासांनी. तिसऱ्या आठवड्यात “आता बरं वाटतंय” म्हणून गम थांबवणारे उतावळे पेशंट पुढच्या एखाद्या लग्नात किंवा सहलीत पुन्हा ओढू लागतात. बारा आठवड्यांचा कोर्स पहिल्याच भेटीत तारखांसकट लिहून द्यावा.

नुसता पॅच

पॅच म्हणजे त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी. दिवसाला १० पेक्षा जास्त सिगरेटी असतील तर २१ मिलिग्रॅमचा पॅच ६ आठवडे, मग १४ चा २ आणि ७ चा २ आठवडे. पण जेवणानंतरची, मित्रांबरोबरची तलफ एकटा पॅच आवरत नाही. त्याच्या जोडीला गम किंवा लॉझेंज (निकोटीनची चघळायची नव्हे, तोंडात विरघळवायची गोळी) द्या. ही जोडी एकट्या औषधापेक्षा सरस ठरलेली आहे. ‘निकोटीन जास्त होईल’ या भीतीपोटी ती नाकारली जाते. प्रत्यक्षात निकोटीन कमी पडल्यामुळेच जास्त पेशंट पुन्हा ओढू लागतात.

जागा रोज बदला, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर लावा. पॅच कापू नका. झोप उडत असेल तर रात्री काढा. वापरलेल्या पॅचमध्येही निकोटीन उरतं, म्हणून चिकट बाजू आत दुमडून, मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. पॅच असताना एखादी सिगरेट ओढली गेली तर पॅच काढायचा नाही, पुढची सिगरेट टाळायची.

गोळ्यांच्या चुका

बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या तलफ कमी करणाऱ्या, निकोटीन नसलेल्या गोळ्या. बुप्रोपिऑन सिगरेट सोडण्याच्या दिवशी सुरू करून उपयोग नाही, एक-दोन आठवडे आधी हवं. आधी १५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, मग दोनदा; दोन गोळ्यांत किमान ८ तास, आणि दुसरी झोपायच्या वेळी नको. कधी फिट आली असेल तर हे औषध द्यायचंच नाही. रोज पिणारा माणूस दारू एकदम सोडत असेल तेव्हाही नाही. हे न विचारता चिठ्ठी लिहिणं धोक्याचं आहे.

व्हॅरेनिक्लिन उपाशीपोटी घेतलं की मळमळतं. जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायला सांगा. ०.५ मिलिग्रॅम तीन दिवस रोज एकदा, चार दिवस दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा. किडनी बरीच कमजोर असेल तर डोस निम्मा. मानसिक त्रासाच्या भीतीने अजूनही ते टाळलं जातं, पण मोठ्या चाचणीनंतर अमेरिकेने त्याबद्दलचा औषधावरचा ठळक इशारा २०१६ मध्येच मागे घेतला.

बाकीची औषधं न बघणं

ही चूक सगळ्यात कमी लक्षात येते. धुरातल्या घटकांमुळे यकृत काही औषधं भराभर संपवतं. धूर थांबला की तीच औषधं रक्तात साठतात, पॅच चालू असला तरी, कारण हे काम निकोटीनचं नसून धुराचं आहे. दम्याच्या जुन्या पेशंटची थिओफिलिनची गोळी, मनोरुग्णाचं क्लोझापिन किंवा ओलान्झापिन यांचे डोस सिगरेट सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात पुन्हा तपासा. सिगरेट सोडल्यावर छाती धडधडते, उलटी होते, हात थरथरतात, असं दम्याचा पेशंट सांगू लागला तर ‘सोडल्याचा त्रास आहे, सहन करा’ म्हणून परत पाठवू नका. त्याच्या पिशवीतल्या गोळ्या टेबलावर काढायला सांगा.